मागणी काय होती, पॅचेटबाई?

श्रीमती अ‍ॅन पॅचेट यांस,
नॅशव्हिल, टेनेसी



हे पत्र मराठीत आहे, तेव्हा ते तुमच्या हाती पडेल अशी आशा मी धरलेली नाही. खुल्या पत्राची सोयच ही, की नाव एकाचं घालायचं आणि ऐकवायचं चारचौघांना. तरीही त्यातला प्रश्न खरोखर तुमच्यासाठीच आहे, कारण त्याचं उत्तर दुसऱ्या कोणाकडे असणार नाही.

तुमची 'बेल कान्तो' 2001 साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला ऑरेंज आणि पेन/फॉकनर ही पारितोषिकं मिळाली. आमच्याकडे ती उशिरा आणि वाकड्या वाटेने पोचली. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीतर्फे पुस्तकांचं आदानप्रदान भरतं. घरातलं वाचून झालेलं पुस्तक द्यायचं आणि दुसऱ्याचं घेऊन यायचं. आमच्या वाचकमंडळातल्या एकाने तिथे वास्तुशास्त्राचं पुस्तक देऊन तुमची कादंबरी घरी आणली. (त्याच्या बायकोच्या मते हा सौदा अजूनही तोट्याचा आहे.) मग ती हातोहात फिरली, ठाण्याला गेली, कल्याणला गेली, लोकलमध्ये उभ्याने वाचली गेली. शेवटी एका रविवारी ठाण्यात एका घरी चर्चा ठेवली, आणि तिथे जे भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे.

या तिन्ही गावांना वाचनाची खोड जुनी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये वि. ल. भावे यांनी काढलं, तेव्हा त्यांची पंचविशीही उलटलेली नव्हती. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे ते हेच भावे. डोंबिवलीत पु. भा. भावे राहिले, शं. ना. नवरे राहिले, 2017 मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलनही भरलं. एवढी परंपरा असूनही आमच्या साहित्यिक कार्यक्रमांत शाली आणि श्रीफळं भरपूर, वाद मात्र बेताचे. तुमच्या पुस्तकाने माणसं एकमेकांवर आवाज चढवून बोलली, यासाठी आधी तुमचे आभार.

ज्या मराठी वाचकांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण अमेरिकेतल्या एका निनावी देशात उपराष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर होसोकावा या जपानी उद्योगपतीच्या वाढदिवसाची मेजवानी आहे. त्याने देशात कारखाना काढावा म्हणून सरकारचा हा खटाटोप. त्याला कारखाना काढायचाच नाही. तो आलाय फक्त रोझॅन कॉस या ऑपेरा गायिकेला ऐकायला. गाणं संपतं, दिवे जातात आणि वातानुकूलनाच्या नळ्यांतून बंदूकधारी घरात उतरतात. त्यांना हवा असतो राष्ट्राध्यक्ष, आणि तो आपल्या घरी टीव्हीवरची मालिका बघत बसलेला असतो. (मालिका चुकू नये म्हणून समारंभाला दांडी मारणारा माणूस आम्हां सर्वांना लगेच ओळखीचा वाटला. कादंबरीतलं बिनविरोध मंजूर झालेलं तेवढं एकच पान.) मग हाताशी आलेल्या पाहुण्यांनाच ओलीस ठेवलं जातं. आठवडे जातात, महिने जातात. रोझॅन रोज गाते. बंदुका हळूहळू कोपऱ्यात जातात, बुद्धिबळाचा पट मांडला जातो, गेन हा दुभाषा आणि बंदूकधाऱ्यांतली कार्मेन ही मुलगी एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि सेसार नावाच्या पोराला गाता येतं असा शोध लागतो. शेवटी सरकारी सैनिक आत शिरतात आणि सगळे बंडखोर मारले जातात. कार्मेनच्या आड आलेला होसोकावाही मरतो. उपसंहारात गेन आणि रोझॅन इटलीतल्या लुका गावी लग्न करतात.

हे कुठून आलं ते तुम्ही कधी लपवलं नाही. पेरूची राजधानी लिमा, 17 डिसेंबर 1996. जपानी राजदूत मोरिहिसा आओकी यांच्या निवासस्थानी सम्राट अकिहितो यांच्या वाढदिवसाचा समारंभ चालू असताना तुपाक अमारू क्रांतिकारी चळवळीचे 14 जण घुसले. शेकडो पाहुण्यांपैकी बायकांना लवकर सोडलं, इतरांना टप्प्याटप्प्याने, आणि शेवटपर्यंत 72 जण आत राहिले. 126 दिवसांनी, 22 एप्रिल 1997 ला, बंडखोर घरातच फुटबॉल खेळत असताना सैनिक भुयारांतून वर आले. 14 पैकी एकही बंडखोर वाचला नाही. दोन सैनिक आणि एक ओलीस गेला.

आता भांडण.

पहिली तोफ कल्याणहून डागली गेली. आमच्यातले एक गृहस्थ गाण्यातले. कल्याण गायन समाज 1926 पासून चालत आलेला, भास्करबुवा बखल्यांच्या नावाने तिथे देवगंधर्व महोत्सव होतो, आणि हे गृहस्थ त्याच्या सतरंजीवर लहानाचे मोठे झालेले. ऑपेरा त्यांनी तुमच्यामुळे पहिल्यांदा ऐकला, द्वोर्झाकच्या 'रुसाल्का'मधलं चंद्राचं गाणं, आणि ते त्यांना मनापासून आवडलं. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर. गाण्याने माणूस सुधारतो, ही समजूत ज्यांनी मैफली लांबून पाहिल्यात त्यांची आहे, असं ते म्हणाले. पहाटेच्या भैरवीला डोळे पुसणारेच लोक पाच मिनिटांनी बाहेर चपलांच्या ढिगात एकमेकांना कोपरं मारतात. आणि तो सेसार! नुसतं ऐकून, काही आठवड्यांत, एवढ्या तयारीचं गाणं? नुसता खर्ज लावायला वर्षं जातात. या बाबतीत मी तुमच्या बाजूने थोडी भांडले. सेसार गातो तेव्हा तो मुळात रोझॅनची हुबेहूब नक्कल करत असतो, हे तुम्ही लिहिलंय, आणि नक्कल करणारी पोरं आमच्या गल्लीगल्लीत आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाही.

दुसरं मत मांडणाऱ्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. 26 नोव्हेंबर 2008 च्या संध्याकाळी त्यांनी सीएसटीवरून नेहमीपेक्षा आधीची कल्याण गाडी पकडली होती, एवढंच. त्या रात्री त्या स्टेशनात पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. आमच्या तिन्ही गावांचं ते रोजचं स्टेशन. तिथून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा आम्हांला घरच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ. बाईंनी तुमची कादंबरी अर्ध्यावर मिटली. गेन रात्री काचसामानाच्या कोठीत कार्मेनला लिहावाचायला शिकवतो, त्या जागी. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत देते: "ही मुलगी जमिनीवर पालथ्या घातलेल्या माणसांवर बंदूक रोखून उभी होती. लेखिका ते विसरली असेल. मी नाही विसरले."

यावर आमच्यातला सर्वांत तरुण, कॉलेजात शिकवणारा, म्हणाला की त्या स्टेशनात गोळ्या झाडणारा कसाब तेव्हा 21 वर्षांचा होता, आणि 21 वर्षांच्या मुलाबद्दल कादंबरीत तरी विचार करता आला पाहिजे. त्यानंतर चहा येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही, आणि चहा आल्यावर सगळे एकदम बोलले.

या ठिकाणी मी जरा थांबते, कारण इथे दोन्ही बाजू एका गोष्टीला बगल देत होत्या असं मला वाटलं. चांगली पोरं आणि वाईट पोरं, असा हा हिशेब नाहीच. लिमामध्ये 126 दिवस होते, मुंबईत जेमतेम 60 तास. आणि मुंबईत फोन होता. ताजमध्ये, ओबेरॉयमध्ये, नरिमन हाउसमध्ये शिरलेल्यांच्या कानाला सीमेपलीकडचा आवाज सतत लागलेला होता; काय करा, कोणाला मारा, कोणाला फोनवर द्या, हे तो आवाज सांगत होता, आणि ते संभाषण पुढे जगाने ऐकलं. समोरच्या ओलिसाकडे नीट बघायला त्या पोरांना उसंतच मिळू नये, अशी ती रचना होती. तुमच्या बंगल्यात असा आवाज नाही. तिथले तिन्ही सेनापती त्याच छपराखाली, त्याच कंटाळ्यात, तेच जेवण जेवताहेत. तुमच्या कादंबरीतला जिव्हाळा गाण्यातून आला असं बरेच समीक्षक म्हणतात. मला तो रिकाम्या वेळातून आलेला दिसतो. बँकेतल्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग वेळ मिळाला असता तर तुम्ही त्यांना पण गाणं शिकवलं असतं का?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

मधे कोणीतरी 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा शब्द टाकला. प्रत्येक चर्चेत तो कोणीतरी टाकतोच, आणि टाकणाऱ्याला वाटतं की आता चर्चा संपली. 1973 मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत सहा दिवस चार कर्मचारी ओलीस होते. त्यांच्यातली क्रिस्तीन एनमार्क पंतप्रधान पाल्मे यांना फोनवर सांगत होती की तिला दरोडेखोरांपेक्षा पोलिसांची भीती वाटते. पोलिसांना सल्ला देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने पुढे त्या वागण्याला नाव दिलं. सल्ला देणारा पोलिसांच्या बाजूचा होता, हे नाव वापरणाऱ्यांच्या सहसा लक्षात नसतं. आम्हां मराठी माणसांना तर याहून जवळचं आणि फार मोठं उदाहरण आहे. रायगड पडल्यावर 1689 मध्ये शाहू सात वर्षांचे असताना आईबरोबर मोगलांच्या छावणीत गेले आणि 1707 पर्यंत तिथेच वाढले. सुटून येताना ते औरंगजेबाच्या कबरीवर जाऊन आले, असं इतिहासकार लिहितात. आईला, येसूबाईंना, मात्र मोगलांनी 1719 पर्यंत ठेवून घेतलं, मुलगा कह्यात राहावा म्हणून. ज्या बादशहाने वडिलांना हालहाल करून मारलं त्याच्या कबरीपाशी हा मुलगा उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात काय होतं, याला एका रोगाचं नाव देऊन मोकळं होणारा मराठी इतिहासकार मला भेटलेला नाही. तुमच्या बाजूने बोलायचं तर, तुम्हीही कादंबरीत ते नाव देत नाही. हे मला फार आवडलं.

उपसंहारावर जेवढा वेळ गेला तेवढा मूळ कादंबरीवरही गेला नसेल. लुकामधलं ते लग्न निम्म्या मंडळाला असह्य झालं. कार्मेन मेली, होसोकावा मेला, आणि मागे राहिलेल्या दोघांनी एकमेकांशी लग्न केलं? हिंदी सिनेमातसुद्धा हल्ली असं करत नाहीत, इति ठाणे. ठाण्यातल्याच दुसऱ्या बाई, परिचारिका आहेत, त्या शांतपणे म्हणाल्या की अपघात वॉर्डात अशी लग्नं होतात. ज्या दोघांनाच ती रात्र माहीत असते, त्यांना तिसऱ्याबरोबर राहता येत नाही. गेन आणि रोझॅन एकमेकांइतकंच गेलेल्यांच्या प्रेमापोटी लग्न करताहेत, असं कादंबरीतल्या फ्रेंच राजदूताला शेवटी वाटतं, तेही त्यांनी दाखवून दिलं. मला त्यांचं पटलं. उपसंहार खोटा नाही. तो आखूड आहे, आणि चुकीच्या माणसांबद्दल आहे, हे माझं मत.

कारण लिमात जे खरं उपसंहाराचं प्रकरण घडलं ते लग्नाचं नव्हतं. जपानी दूतावासातले अधिकारी हिदेताका ओगुरा स्वतः ओलीस होते. त्यांनी पुढे लिहून कळवलं की कारवाई संपल्यावर त्यांनी काही बंडखोरांना जिवंत पाहिलं होतं. सगळे चकमकीत मेले, या सरकारी कथेला छेद देणारी ही साक्ष. ती कोर्टाकोर्टांतून फिरत राहिली, आणि 2015 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने एदुआर्दो क्रूस सांचेस या एका बंडखोराला पकडल्यानंतर ठार केल्याबद्दल पेरू सरकारला जबाबदार धरलं. ज्यांनी आपल्याला चार महिने डांबलं त्यांच्या बाजूने, सुटकेनंतर अनेक वर्षं, एका ओलिसाने बोलत राहणं: हा माणूस तुमच्या कादंबरीत कुठे आहे? गेनला सगळ्या भाषा येतात. त्याने लुकाला जाण्याआधी एखाद्या भाषेत एवढं सांगायला हवं होतं.

आमच्यातल्या निवृत्त शिक्षकांनी इथे पुस्तक मागून घेतलं आणि जनरल बेंजामिनचं पान काढलं. बेंजामिन आधी शाळामास्तर होता. त्याचा भाऊ तुरुंगात आहे. "मास्तर बंदूक का उचलतो हे या एवढ्या मोठ्या पुस्तकात इतक्याच ओळींत?" त्यांनी विचारलं. "बाकी सगळ्या पानांवर हे लोक काय खातात, काय खेळतात, कोणावर भाळतात. पण ते आले कशाला होते?" सगळे गप्प. तुरुंगातले सोबती सोडा, एवढं कळतं. ते कोण, कोणत्या गावचे, कशासाठी आत गेले, हे विचारल्यावर कोणालाही सांगता येईना. ज्यांना कादंबरी आवडली त्यांनाही आणि ज्यांना आवडली नाही त्यांनाही. म्हणजे आम्ही इतका वेळ ज्या पोरांवर प्रेम करावं की नाही यावर भांडत होतो, त्यांना हवं काय होतं ते आमच्यापैकी एकालाही नीट ठाऊक नव्हतं. लिमात हवं होतं ते स्पष्ट होतं: चारशेहून अधिक साथीदारांची सुटका. त्यांत म्होरक्या नेस्तोर सेर्पा याची बायकोही होती. ते द्यावं की देऊ नये यावर जगभर वाद झाला. तुमच्या बंगल्यात मागण्यांचे कागद रेड क्रॉसचा मेस्नर आत-बाहेर करतो, पण वाचकाच्या हातात तो कागद पडत नाही. त्याच्या हातात पडतं गाणं.

आणि इथे मला आमच्या ठाण्याचं एक गाणं तुम्हाला सांगायचंच आहे.

1815 मध्ये पंढरपुरात, इंग्रजांच्या हमीवर आलेले गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच्यावर. बाजीरावाने नाइलाजाने त्याला इंग्रजांच्या हवाली केला, आणि इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवला. मराठी शिपाई फितूर होतील या भीतीने पहाऱ्याला सगळे गोरे. 1816 च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी निसटला. हकिकत अशी सांगतात: किल्ल्यातल्या एका इंग्रज अंमलदाराकडे एक मराठा मोतद्दार चाकरीला होता. तो घोड्याला फिरवता-फिरवता, खरारा करता-करता कैद्याच्या खिडकीखाली गाणं म्हणायचा. सोबती कुठे दबा धरून आहेत, घोडा कुठे तयार आहे, सगळा बेत त्या गाण्यात. पहारेकरी ते रोज ऐकत होते. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांच्या कानावर पडत होती नुसती चाल. पुढे बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनात हा प्रसंग आणि त्या गाण्याचा इंग्रजी अवतार छापला गेला. हकिकतीला सांगणाऱ्यांनी थोडा रंग चढवला असेल, ते असो. तो किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. आमची चर्चा चालली होती तिथून रिक्षाने जाण्याइतकं जवळ.

त्र्यंबकजी कैदी होता, ओलीस नव्हता, हे मला कळतं. पण तुमची कादंबरी वाचल्यापासून ते गोरे शिपाई माझ्या डोक्यातून जात नाहीत. कोणी सांगावं, त्यांना ती चाल आवडतही असेल. परमुलखातल्या उकाड्यात, कंटाळवाण्या पहाऱ्यावर, रोज ठरल्या वेळी येणारं ते गाणं त्यांना हवंहवंसंही वाटत असेल. तुमच्या बंगल्यातही असंच आहे. रोझॅन इटालियनमध्ये गाते, चेकमध्ये गाते, शब्द बहुतेकांना कळत नाहीत, आणि न कळण्यातच सगळे एक होतात, हे तुम्ही फार सुंदर लिहिलंय. आमच्या कल्याणच्या गृहस्थांनाही ती पानं नावडली नाहीत. पण ठाण्याच्या किल्ल्यात शब्द न कळता चालीवर खूश असणारा माणूस म्हणजे पहारेकरी. ज्याच्यासाठी ते गाणं होतं, तो शब्द ऐकत होता.

लिमातही गाणं वाजलं होतं, पॅचेटबाई. सरकारने बंगल्याबाहेर कर्णे लावून मोठ्या आवाजात लष्करी संगीत वाजवलं. भुयारं खणल्याचा आवाज आत जाऊ नये म्हणून.

मागणीचा प्रश्न आमच्या जवळही उभा राहिला: 30 ऑक्टोबर 2025 ला पवईत एका स्टुडिओत ऑडिशनला बोलावलेल्या 17 मुलांना एका माणसाने कोंडून ठेवलं. काही तासांत पोलीस आत शिरले. मुलं सुखरूप बाहेर आली. तो माणूस पोलिसांच्या गोळीने मेला. आधी त्याने एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात तो म्हणत होता की त्याला पैसे नकोत, काही लोकांना प्रश्न विचारायचे आहेत. सरकारी खात्याशी त्याचा थकबाकीवरून वाद होता, असं बातम्यांत आलं. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा बँकेतल्या बाई म्हणाल्या की ज्याने मुलांना हात लावला त्याचा प्रश्न ऐकायचीही गरज नाही, आणि आया असलेल्या सगळ्याजणींनी मान डोलावली. मीही डोलावली. मुलं आत असताना पोलिसांनी आधी मुलांचाच विचार करायचा. पण कादंबरीकाराच्या दारात मुलं अडकलेली नसतात, कमांडो उभे नसतात. त्याच्याकडे वेळच वेळ असतो. तुमच्याकडे तर चार महिने होते, एक बंगला होता, सगळ्या भाषा जाणणारा एक दुभाषा होता आणि मास्तर असलेला एक जनरल होता. पोलिसांना जे ऐकायला सवड नाही, ते ऐकण्याची एवढी तयारी तुम्ही करून ठेवलीत आणि मग पियानो उघडलात.

तुमच्या चाहत्यांच्या वतीनेही मी बोलायला हवं, नाहीतर परिचारिका बाई पुढच्या वेळी मला घरात घेणार नाहीत. त्या म्हणतात की मागण्या वर्तमानपत्रात येतातच. सेसार झाडावर चढून बसतो आणि रोझॅन त्याला समजावायला जाते, हे कुठल्या वर्तमानपत्रात येणार? यादी वाचून कोणाला कोणी कळलेलं नाही. हा मुद्दा खोडता येत नाही, मी प्रयत्न केला. मग कॉलेजातला तरुण म्हणाला की सेसार कळला, त्याचं गाव नाही कळलं; आणि गोळी सेसारला लागते ती गावामुळे. इथे कोणाची तरी 9.50 ची गाडी होती म्हणून आम्ही उठलो.

2024 मध्ये तुम्ही स्वतःच्याच कादंबरीवर हाताने टिपा लिहून तिची नवी आवृत्ती काढलीत. स्वतःच्या जुन्या पुस्तकाच्या समासात शेरे मारणं, चुकांसकट, याला धैर्य लागतं. आमच्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांत हे काम वाचक पेन्सिलीने करतात आणि ग्रंथपाल रबराने खोडतात. तुम्ही ते स्वतः केलंत, म्हणूनच हे विचारायचं धाडस होतंय. जनरल बेंजामिनने आपल्या मागण्या एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या, गेनने त्या जपानीत, फ्रेंचमध्ये, रशियनमध्ये, इंग्रजीत सांगितल्या, आणि रोझॅनने, जिला रोज सगळ्यांनी ऐकलं, त्या दिवशी बसून ऐकलं, असं एखादं प्रकरण तुम्ही कधी लिहिलं होतंत का? लिहून काढून टाकलंत, की डोक्यात आलंच नाही? काढून टाकलं असेल तर का? कादंबरीची लय बिघडत होती म्हणून, की त्या मागण्या ऐकल्यावर वाचकाला बाजू घ्यावी लागली असती म्हणून? पहिलं कारण असेल तर कल्याणचे गृहस्थ तुमच्या बाजूने उभे राहतील. लयीसाठी त्यांना काहीही माफ आहे. दुसरं असेल तर बँकेतल्या बाई, ज्यांनी पुस्तक अर्ध्यावर मिटलं, त्या म्हणतात की त्या ते उरलेलं वाचायला तयार आहेत, पण आधी तो कागद दाखवा.

पुढच्या महिन्यासाठी आम्ही गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचं 'न्यूज ऑफ अ किडनॅपिंग' घेतलंय, 1996 चं. कोलंबियात अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबार याच्या माणसांनी पत्रकारांना पळवलं त्याची खरी कहाणी. तिथे मागणी अगदी साधी आणि ठळक आहे: आम्हांला अमेरिकेच्या ताब्यात देऊ नका. निवड बँकेतल्या बाईंची. गाणं त्यात नाही, म्हणून कल्याणचे गृहस्थ आत्तापासून कुरकुरताहेत.

उत्तर पाठवलंत तर इंग्रजीत चालेल. मंडळात ते कोणी मोठ्याने वाचायचं यावरून एक वाद आधीच झालेला आहे.

कळावे,

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)